पहिला नकार

वैशंपायन सर लतिकाबाईंकडे जेवायला गेले की माझं दुपारचं कामात लक्ष लागत नसे. त्या गुरुवारी तर मी डबासुद्धा उघडला नाही. बसत होते, उठत होते, खिडकीशी जाऊन खाली सरांना सोडायला गाडी आली का बघत होते, परत येऊन तीच मेल उघडून बंद करत होते. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने शेवटी विचारलं, मॅडम, घरी कुणी आजारी आहे का? मी तिच्याकडे असं काही पाहिलं की तिने गपचूप कानात हेडफोन घातले.

मी अपूर्वा मोहिते. डिलाईल रोडच्या चाळीत जन्मले, तिथेच राहते आणि तिथून चालत लोअर परळच्या या विद्यापीठात येते. गिरणी पाडून काचेची इमारत बांधलीय, मधे चिमणी शोभेला ठेवलीय आणि चिमणीखाली कॉफीचं दुकान आहे. तिथे चहा मागितला की कुठला, म्हणून विचारतात. माझे आजोबा भिवा याच आवारात कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात होते. कापसाचं तूस छातीत साठून वारले. हे मी कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की लोक मान तिरकी करून 'वाव' म्हणतात आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते.

उन्मेष वैशंपायन सर संपानंतरच्या काळापासून गिरणी कामगारांची फुप्फुसं तपासत आलेत. तीच माणसं, दरवर्षी, त्यांच्या घरी जाऊन. एका नळीत जोरात फुंकायचं आणि यंत्र सांगतं छातीत किती दम उरलाय. म्हातारे त्याला फुंकणी म्हणतात. तरुणपणी सर एकटेच जायचे, पायी, लालबागपासून चिंचपोकळीपर्यंत. आता जाते मी, आठ वर्षं झाली. एवढी वर्षं त्याच माणसांच्या मागे राहिलेलं असं काम कुठे नाही, असं बाहेरचे लोक म्हणतात. आणि हे सगळं चालतं लतिका विजयकर यांच्या पैशावर. त्यांच्या वडिलांनी औषधाच्या बाटल्यांची बुचं करून अमाप कमावलं आणि लेकीने ते दानधर्मात घालायचं ठरवलं. चांगलंच आहे. त्यांनी दिलेला पैसा मार्चला संपत होता. पुढे मिळाला नाही तर काम बंद आणि मी घरी. त्या दिवशी जेवताना सरांनी तो मागायचा होता, बस्स.

मी त्यांच्याकडून वाक्य घोकून घेतलं होतं. "लतिकाताई, पुढची पाच वर्षं आम्हाला तुमची मदत लागेल." एकच वाक्य. सर ते म्हणताना दर वेळी शेवटाकडे असा आवाज बारीक करायचे की 'मदत' ऐकूच यायचं नाही. मी म्हटलं सर, परत. त्यांनी परत म्हटलं. त्यांनी नोबेलवाल्यांशी वाद घातलेले मी डोळ्यांनी पाहिलेत, पण हा एक शब्द त्यांच्या तोंडून निघायचा नाही.

लतिकाबाईंचं आणि सरांचं गूळपीठ तसं जुनं. दर गुरुवारी जेवण. समोर कोणी ना कोणी पाहुणा असायचाच, परदेशातला बँकवाला नाहीतर चित्रकार, आणि बाई सरांची ओळख करून द्यायच्या, "आमचे प्रोफेसर." मग सरांनी गिरण्यांच्या गोष्टी सांगायच्या. सर सांगतात छान. बाईंच्या मुलीचा, नूपुरचा, परदेशी कॉलेजसाठीचा निबंध सरांनीच पाच वेळा तपासून दिला. मलाही दोनतीनदा नेलं होतं. एका पाहुण्याने मला विचारलं, तुमच्याकडे टॉयलेट खरंच कॉमन असतं का? मी हो म्हटलं आणि पुढचा घास घेतला. घरी येताना गाडीत सर म्हणाले, वाईट वाटून घेऊ नकोस, ते उत्सुकतेपोटी विचारतात. मी म्हटलं, सर, तुमच्या बाथरूमची कधी चौकशी केली का त्यांनी? सर खिडकीबाहेर बघायला लागले.

तर त्या गुरुवारी गाडी आली. सर वर आले ते तृप्त. वालाचं बिरडं काय झालं होतं म्हणून सांगायला लागले. मी म्हटलं सर, आधी ते सांगा.

सर खुशीत म्हणाले, अगं, मला मागावंच लागलं नाही. त्यांनीच विषय काढला. सगळ्यांसमोर म्हणाल्या, सर, पुढची पाच वर्षंही आपणच करू या ना हे?

माझ्या जिवात जीव आला. मी खुर्चीत बसलेच. म्हटलं, मग? तुम्ही काय म्हणालात?

"मी म्हटलं, अहो, इतक्यात कशाला? तुम्ही आधीच खूप केलंय आमच्यासाठी. राहू द्या."

मला वाटलं थट्टा करतायत. नव्हते करत. मी विचारलं, यावर त्या काय म्हणाल्या? तर म्हणे, बरं म्हणाल्या. मग आइस्क्रीम आलं.

कप्पाळ माझं! सरच मला समजावायला लागले. अगं, परत विचारतील ना त्या. पहिल्या फटक्यात हो म्हटलं असतं तर कसं दिसलं असतं? टपूनच बसलो होतो असं वाटलं असतं. पुढच्या गुरुवारी विचारतील, तेव्हा बघ.

आता हे समजायला सरांचं गिरगावातलं घर बघायला हवं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांच्या बायकोने, मीनाक्षीकाकूंनी, चहा विचारला. मला हवा होता, मी हो म्हटलं. दोघंही क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. नंतर कळलं, तिथे पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं. मग ते म्हणणार, असं कसं, घ्या थोडा. मग तुम्ही म्हणायचं, आत्ताच घेतलाय हो. मग ते म्हणणार, अर्धा कप. तेव्हा कुठे तुम्ही हुश्श करून, अगदी त्यांच्यावर उपकार केल्यासारखं, बरं म्हणायचं. त्यात खोटेपणा नसतो. त्यांचं प्रेमच तसं असतं. आग्रह झाला नाही तर त्यांना जेवल्यासारखं वाटत नाही.

आमच्याकडे हे नाही. माझी आई कांता कुणालाही एकदाच विचारते, नको म्हटलं की झाकण ठेवते. लहानपणी मला वाटायचं आई तुसडी आहे. मोठी झाल्यावर लक्षात आलं, नको म्हटल्यावर कुणीतरी परत विचारेल ही खात्री असायलासुद्धा नशीब लागतं. माझ्या आजीला लोकांच्या दारात आग्रह कोणी केला होता? पाणी वरून ओतायचे. ती नको म्हणाली असती तर तांब्या घेऊन आत गेले असते. म्हणून आमच्याकडे मिळतंय तेव्हा हो म्हणतात, आणि मिळत नाही तेव्हा मागतात. जयंतीची वर्गणी गोळा करायला माझी आई सगळ्यांत पुढे. दार उघडलं की जयभीम, आणि लगेच आकडा. इकडचं तिकडचं काही नाही. मी एकदा तिला म्हटलं, जरा हवापाण्याचं तरी बोल. ती म्हणाली, समाजाचं काम आहे, माझ्या घरचं लग्न नाही, मी कशाला लाजू?

मी सरांना त्याच दिवशी म्हटलं, आत्ता फोन करा, सांगा की हवंय. सर हसले. म्हणाले, तू फार उतावीळ आहेस.

पुढच्या गुरुवारी बाई परदेशात होत्या. त्याच्या पुढच्या गुरुवारी जेवणाचं बोलावणंच आलं नाही. सर म्हणाले कामात असतील. मी घरोघरी हिंडत होते, घरी बसून काय करणार. चिंचपोकळीला लवू सावंत म्हणून एक आजोबा आहेत, पूर्वी स्पिनिंगला होते. दोनदा फुंकून दमले, भिंतीला टेकले, आणि मला म्हणाले, "फुडल्या वर्सा येतलंस मां गो?" मी म्हटलं येणार की. बाहेर पडले आणि स्टेशनच्या पुलावर जाऊन उगाच या टोकाहून त्या टोकाला चालत राहिले. खोटं बोलल्यासारखं वाटत होतं, आणि राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

मग मेल आली. सगळ्या विद्यापीठाला. श्रीमती लतिका विजयकर यांचं उदार साहाय्य पुढील पाच वर्षांसाठी प्राध्यापक हेरंब गुप्ते यांच्या आनंद-अभ्यास केंद्राला. हेरंब आमच्याच मजल्यावर बसतो. माणूस सुखी कसा होतो याचं त्याने मोबाइलवरचं ॲप काढलंय. रोज सकाळी ते विचारतं, आज तुम्ही किती आनंदी आहात? मेलमध्ये खाली एक ओळ होती, प्राध्यापक वैशंपायन यांनी मोठ्या मनाने इतरांसाठी वाट मोकळी केली, त्याबद्दल त्यांचे आभार.

हेरंबला मी जिन्यात गाठलं. त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. म्हणाला, मी फक्त विचारलं गं. बाई लिफ्टमध्ये भेटल्या, मी म्हटलं मला पैसे हवेत, त्या म्हणाल्या सर तर नको म्हणाले, तुम्ही घ्या. त्याच्यावर काय चिडणार? चिडले तरी.

सरांनी मेल वाचली, परत वरपासून वाचली. मग म्हणाले, रागावल्या असतील कशावरून तरी. मी म्हटलं, नाही सर, त्यांनी तुमचं ऐकलं. सरांना ते पटेना. एवढं शिकलेला माणूस, पण आपल्या नाहीचा कुणी नाही असा अर्थ घेईल हे त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं. मी म्हटलं, अजून फोन करा. तर म्हणाले, आता? आता बरं दिसत नाही. आणि मग माझा तोल गेला. मी म्हटलं, सर, तुमची भीड तुम्हाला परवडते. तुमचं पेन्शन आहे, गिरगावात घर आहे. ती लवू सावंतांना परवडत नाही, मला परवडत नाही. तुम्ही नको म्हणालात ते आमच्या ताटातलं होतं. सरांचा चेहरा उतरला आणि मला वाईट वाटलं, पण बोलले ते खरंच होतं.

घरी आईला सांगितलं. ती जयंतीच्या पावत्या फाडत होती. तिने मान वर न करता विचारलं, तू मागितलंस का? मी म्हटलं, मी कोण मागणार, मी साधी असिस्टंट. ती म्हणाली, तोंड आहे ना?

दुसऱ्या दिवशी मी लतिकाबाईंच्या ऑफिसात गेले. वेळ मागितली, मिळाली, मलाच आश्चर्य वाटलं. इतक्या उंचावर ऑफिस की आमच्या चाळींची कौलं तिथून गालिच्यासारखी दिसतात. बाई साध्या असतात, सुती साडी, कपाळाला बारीक टिकली. मी बसल्याबसल्या म्हटलं, मॅडम, सरांना नको म्हणायचं नव्हतं. त्या म्हणाल्या, मग काय म्हणायचं होतं? मी त्यांना सगळं सांगितलं, गिरगाव, अर्धा कप, सगळं. म्हटलं, तुम्ही तर मराठीच, तुमच्या आजीच्या घरी असं नव्हतं का?

बाईंनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"होतं," त्या म्हणाल्या. "पण मी काय चहा विचारत होते का गं? माझ्या वडिलांपुढे लोक रांग लावायचे. मी स्वतःच्या तोंडाने, माणसांसमोर, नूपुरसमोर विचारलं. आणि ते असे हसले, जसं मी त्यांच्या खिशात जबरदस्तीने काहीतरी कोंबतेय. मला फार लागलं ते."

हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. देणाऱ्याला कशाचं लागतं, असंच मी धरून चालले होते. पण बाईंचे डोळे खरोखर भरले होते, आणि त्यांना ते मला दाखवायचं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, तू कशाला आलीस? मी सांगितलं. पाच वर्षं, दोन माणसं, नवीन यंत्र आणि माझा पगार. आकडा सांगितला. डोळे खाली केले नाहीत. बाई हसल्या. म्हणाल्या, इतक्या वर्षांत तुमच्यापैकी कुणी मला असं सरळ सांगितलं नाही. देते. विद्यापीठाला नाही, माझ्या ट्रस्टमधून, तुझ्या नावाने. चिंचपोकळीला आमचा एक गाळा पडून आहे, तिथे बस.

इतकं सोपं होतं तर.

"पण सर नकोत," त्या म्हणाल्या. "नाव नको, सल्लागार नको, कामात कुठेच नको. ते राहू द्या म्हणाले ना, मग राहू दे."

मी म्हटलं, मॅडम, काम त्यांचं आहे. त्यांनी उभं केलंय. मला फुंकणी हातात धरायला त्यांनी शिकवलंय.

"मग त्यांच्याकडूनच घे पैसे."

त्या शांत होत्या. भाव करत नव्हत्या, हे मला कळलं. आणि मी "चालेल" म्हटलं. विचार करते, घरी जाऊन सांगते, असं काहीसुद्धा नाही. पहिल्या फटक्यात. लवू सावंतांसाठी म्हटलं असं मी सांगू शकते, पण खोटं कशाला बोलू, माझ्यासाठीही म्हटलं. लिफ्टमध्ये मला आनंद झाला होता आणि त्याचीच लाजही वाटत होती. खाली उतरल्यावर ऑफिसात न जाता मी तशीच डिलाईल रोडला गेले, तिथून परत लोअर परळला आले, कुठे थांबावंसंच वाटेना.

सरांना सांगायला शनिवारी गिरगावात गेले. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मीनाक्षीकाकूंनी दार उघडलं. त्या सरांवर भडकलेल्याच होत्या. यांचं सगळं आयुष्य असंच गेलं गं, म्हणाल्या. हे विभागप्रमुख व्हायचे होते, तेव्हाही 'मला नको' म्हणून घरी आले, आणि दुसऱ्याला केलं तर महिनाभर रुसून बसले. सर म्हणाले, मीनाक्षी, पुरे.

मी सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. अटही सांगितली. मी हो म्हटलं हेही सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. सर म्हणाले, छान झालं. काम बंद पडलं नाही हे महत्त्वाचं. आणि लवू सावंतांना लवकर बघ, त्यांचा दम फार घसरतोय. मग ते उठले, गॅलरीत गेले, आत आले, परत बसले. हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. मी निघायला उठले तेव्हा ते बोलले.

"अपूर्वा, नावाचं जाऊ दे. मी नुसता येऊन बसलो तर? एका कोपऱ्यात. म्हाताऱ्यांना फुंकायला सांगेन. माझं ऐकतात ते." त्यांचा आवाज शेवटाकडे बारीक झाला नाही. "मला यायचंय गं. मला येऊ दे."

आठ वर्षांत मी या माणसाला कुणाकडे पाण्याचा ग्लास मागताना पाहिलं नव्हतं. माझ्याकडे मागत होते. आणि गाळा बाईंचा होता, वॉचमन बाईंचा होता, म्हातारे तर दुसऱ्याच दिवशी कौतुकाने सगळ्या चिंचपोकळीला सांगणार की साहेब आले होते.

"नाही सर," मी म्हटलं. "त्यांना कळेल. मी शब्द दिलाय."

सरांनी मान हलवली. चेहऱ्यावर हसू होतं, ऐकून घेतल्याचं, समजूतदार. पण ते माझ्याकडे बघतच राहिले. थोडे पुढे झुकून, अगदी सहज, जसं त्या घरात समोरच्याला दुसऱ्यांदा बोलायला सवड देतात.

काकूंच्या ते लक्षात आलं. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "ती नाही म्हणतेय."

"हो, हो," सर म्हणाले. आणि तरी वाट बघत राहिले.

मी दुसऱ्यांदा काही बोलले नाही.